कळपांत नसलेलें मेंढरूं

(वाचन: योहान 10:1–16; लूक 15:1–7; यहेज्केल 34)



पवित्र शास्त्रांत देवाला व आपल्या प्रभूला मेंढपाळ म्हटलें आहे, हें तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. मुलें शब्बाथशाळेंत प्रथम जीं स्तोत्रें पाठ करतात त्यांत तेविसावें स्तोत्र असतेंच. आणि मंडळींतील एखादा वृद्ध मनुष्य मरणशय्येवर असला म्हणजे पुष्कळदां तेंच स्तोत्र त्याला वाचून दाखवितात. परंतु जी गोष्ट वारंवार कानांवरून जाते तिचा अर्थ मनांत उतरतोच असें नाहीं. म्हणून या आठवड्यांत तिचा आपण मिळून विचार करूं.

एका वाडीवरील सभेंत याच विषयावर उपदेश चालला असतां एक प्रौढ बंधु उभा राहून म्हणाला, "मास्तर, आमाला मेंढरं म्हनता, ह्यो मान का अपमान?" लोक हंसले; परंतु आम्ही हंसलों नाहीं. प्रश्न खरा होता. आपल्या भाषेंत मेंढरूं हें नांव कोणी कौतुकानें घेत नाहीं. जो खालीं मान घालून दुसऱ्याच्या मागें जातो, ज्याला स्वतःची बुद्धि नाहीं, त्याला आपण मेंढरूं म्हणतों. एक विहिरींत पडलें कीं बाकीचीं त्याच्या मागोमाग पडतात, असें लोक बोलतात. ज्यांच्या वाडवडिलांनीं पिढ्यान्‌पिढ्या मान खालीं घालून दुसऱ्याचीं शेतें राबलीं, त्यांना प्रभूच्या घरीं आल्यावर पुन्हां हेंच नांव कां मिळावें? त्या बंधूला पुरें उत्तर आम्हांस त्या सभेंत देतां आलें नाहीं. त्या उत्तराचा आरंभ पुढें एका धनगरानें आम्हांस शिकविला.

आपला हा पालघर, बोईसर व तारापूर यांकडील मुलूख मेंढरांचा नव्हे. येथें भात पिकतें, समुद्र मासळी देतो, माळावर गवत वाढतें. गुरें व शेळ्या आपण पाळतों. परंतु येथील पावसाळा मेंढरांस मानवत नाहीं. महिनोन्‌महिने चिखलांत उभीं राहिलीं तर त्यांचे खूर कुजतात. म्हणून त्यांचें घर घाटावर, जेथें पाऊस थोडा व माळ मोकळा. पण पावसाळा संपून भातें कापलीं म्हणजे घाटावरील कित्येक धनगर आपले कळप घेऊन सह्याद्रि उतरतात व कोंकणपट्टींत येतात. मेंढरें कापलेल्या शेतांत चरतात, आणि रात्रीं ज्याच्या शेतांत तीं बसतात त्याला खत मिळतें. त्याबद्दल शेतकरी धनगराला धान्य किंवा पैसे देतो. पाऊस जवळ आला कीं सर्व पुन्हां घाट चढतात.

एका हिवाळ्यांत आम्ही बोईसरहून पाम गांवाकडे पायीं जात होतों. एका बाजूस तारापूर औद्योगिक वसाहतींतील कारखाने, दुसऱ्या बाजूस कापलेलीं शेतें. आणि एका शेतांत धनगरांचा वाडा उतरला होता. दिवस मावळत होता. बायकांनीं तीन दगडांची चूल पेटविली होती. घोड्याच्या पाठीवरील सामान खालीं उतरलें होतें, आणि त्याच सामानांतून एका मुलीनें नुकतीं जन्मलेलीं दोन कोंकरें अलगद बाहेर काढून त्यांच्या आयांपाशीं सोडलीं. पुरुष जाळें उभारून मेंढरें आंत घेत होते. त्यांत एक म्हातारा होता. खांद्यावर घोंगडी, हातांत काठी. आम्हीं विचारलें, "बाबा, एवढीं मेंढरं रोज रात्री मोजतां का?" तो म्हणाला, "मोजायचं कशाला, दादा? जे न्हाय ते दिसतंच की."

जें नाहीं तें दिसतें! बंधूंनो, लूककृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय आम्हीं कितीदां वाचला असेल, परंतु त्या सायंकाळपर्यंत तो आम्हांस नीट समजला नव्हता. शंभर मेंढरांतून एक हरवलें, हें त्या मेंढपाळाला मोजून कळलें, असें आम्ही समजत होतों. हिशेबानें पाहिलें तर 99 म्हणजे जवळजवळ शंभरच. तेवढ्यावर समाधान मानणारा मनुष्य शहाणा ठरेल. परंतु आई मुलांना जेवावयास वाढते तेव्हां ती पानें मोजीत बसत नाहीं. जें मूल आलें नाहीं त्याची जागा तिला आपोआप दिसते. धनगराचें तसेंच आहे. कोणती मेंढी लंगडते, कोणती मागें रेंगाळते, कोणतें कोंकरूं कोणत्या मेंढीचें, हें सर्व त्याच्या डोळ्यांत भरलेलें असतें. म्हणून रिकामी जागा त्याला टोंचते. देवाला मेंढपाळ म्हणण्याचा पहिला अर्थ हा आहे: त्याच्यापुढें आपण संख्या नव्हे, आपण नसलों तर तें त्याला दिसतें.

आतां त्या बंधूच्या प्रश्नाकडे वळूं. मेंढरूं मूर्ख, हें लोकांचें म्हणणें. प्रभूचें म्हणणें काय आहे? योहानाच्या दहाव्या अध्यायांत तो मेंढरांविषयीं दोन गोष्टी सांगतो. पहिली, तीं आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात. दुसरी, परक्याचा आवाज ओळखत नाहींत, म्हणून त्याच्या मागें जात नाहींत. उलट त्याच्यापासून पळतात. हा दुसरा भाग आपण बहुधा विसरतों. जें मेंढरूं कोणाच्याही मागें जातें त्याची स्तुति प्रभूनें कोठेंच केली नाहीं. प्रभूचें मेंढरूं तें, कीं जें एका आवाजाला 'होय' म्हणतें आणि म्हणूनच बाकीच्या आवाजांना 'नाहीं' म्हणूं शकतें.

आपल्या गांवांत आवाज थोडे का आहेत? दारूच्या गुत्त्याचा आवाज आहे. मूल आजारी पडलें म्हणजे दवाखान्याऐवजीं भगताकडे ने, कोंबडें दे, असें सांगणारा आवाज आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादम येतो, उचल म्हणून नोटा हातावर ठेवतो व गोड बोलतो, तोही आवाजच. या आवाजांना ज्यानें एकदां तरी 'नाहीं' म्हटलें आहे त्याला ठाऊक आहे कीं त्याला किती बळ लागतें. तें मूर्ख पशूचें काम नव्हे.

शिवाय गुराखी व मेंढपाळ यांतील भेदही ध्यानांत घ्यावा. आपला गुराखी गुरांच्या मागून चालतो व काठीनें त्यांस हांकतो. प्रभु सांगतो तो मेंढपाळ पुढें चालतो. जेथें कांटे आहेत तेथें त्याचा पाय प्रथम पडतो. जेथें लांडगा आहे तेथें लांडग्याची गांठ प्रथम त्याच्याशीं पडते. मागून हांकणारे धनी आपल्या पूर्वजांनीं पुष्कळ पाहिले. पुढें चालणारा धनी येशू ख्रिस्तामध्यें आपल्याला भेटला.

प्राचीन काळीं पूर्वेकडील राजे स्वतःस मेंढपाळ म्हणवीत. बाबेलच्या हम्मुराबी राजानें ख्रिस्तपूर्व 18 व्या शतकांत जे कायदे दगडावर कोरविले, त्यांच्या प्रस्तावनेंत त्यानें स्वतःस हेंच नांव घेतलें आहे. परंतु नांव घेणें सोपें. यहेज्केल संदेष्ट्याच्या चौतिसाव्या अध्यायांत देव इस्राएलाच्या मेंढपाळांवर, म्हणजे लोकांच्या पुढाऱ्यांवर व अधिकाऱ्यांवर, आरोप ठेवतो. ते मेंढरांची लोंकर पांघरतात, पुष्ट मेंढरूं कापून खातात. पण मोडलेल्याला बांधीत नाहींत, आजाऱ्याला औषध करीत नाहींत, हरवलेल्याला शोधीत नाहींत.

हा अध्याय आपल्या मुलखाला परका वाटत नाहीं. ज्या भागाला 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर जिल्हा म्हणतात तो पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत होता; आणि तेथें लग्नगडी म्हणून एक चाल होती. वारली तरुणानें लग्नासाठीं सावकाराकडून कर्ज घ्यावें, व तें फिटेपर्यंत नवराबायकोनें त्याच्या घरीं राबावें. कर्ज थोडें, राबणें मात्र वर्षानुवर्षें. सावकार स्वतःस त्यांचा मायबाप म्हणवी. 1945 सालीं किसान सभेच्या चळवळींत वारल्यांनीं वेठ व ही गुलामी नाकारली, तेव्हां ती मोडली. मायबाप म्हणवून घेणारा प्रत्येक जण मेंढपाळ नसतो, हें आपल्या आजोबा-पणजोबांनीं अंगावर सोसून जाणलें. यहेज्केलाच्या द्वारें देव हेंच सांगतो, आणि पुढें वचन देतो कीं मी स्वतः माझ्या मेंढरांस शोधीन. तें वचन ख्रिस्तामध्यें पूर्ण झालें.

त्याच अध्यायांत आणखी एक आरोप आहे, आणि तो मेंढपाळांवर नसून मेंढरांवर आहे. लठ्ठ मेंढरूं अशक्त मेंढराला खांद्यानें ढकलतें, आपण स्वच्छ पाणी पितें व उरलेलें पायांनीं गढूळ करतें. मंडळींत ज्याचें घर पक्कें झालें, ज्याच्या मुलाला कारखान्यांत कायमची नोकरी लागली, त्यानें हा भाग एकांतांत वाचावा. सभेंत पुढची जागा कोणाची व मागें दाराशीं कोण बसतो, हें देव पाहत आहे.

आतां उपदेशक बंधूंनो, आपणांविषयीं. मराठी मंडळींत आपण ज्याला पाळक म्हणतों त्या शब्दांत पाळणें आहे. मेंढपाळ या शब्दांतही तेंच आहे. इंग्रजींतील पास्टर हा शब्द लॅटिन भाषेंतून आला, त्याचाही अर्थ मेंढपाळच. म्हणजे प्रभूनें आपलें स्वतःचें नांव आपल्या सेवकांस वापरावयास दिलें आहे. तें किती जपून वापरावें! प्रभु म्हणतो कीं मोलकरी लांडगा येतांना पाहून पळतो, कारण मेंढरें त्याचीं नसतात. वेतन घेणें हें पाप नव्हे. सुवार्ता सांगणाऱ्यानें सुवार्तेवर निर्वाह करावा असें प्रेषित पौलानेंही लिहिलें आहे. प्रश्न वेतनाचा नाहीं. नसलेलें मेंढरूं आपल्याला दिसतें कीं नाहीं, हा आहे.

येथें आम्हांस आपलीच एक चूक सांगितली पाहिजे. आपल्या मंडळींतील पुष्कळ कुटुंबें दिवाळीनंतर जगावयास बाहेर जातात. कोणी वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर, कोणी रेतीवर, कोणी बांधकामावर. आणि पाऊस पडण्यापूर्वीं परत येतात. एका वर्षीं असेंच एक कुटुंब गेलें. नवरा, बायको, दोन मुलें आणि अंगावर पिणारें तिसरें. आमच्याकडे मंडळीची हजेरीवही होती, व तिच्यांत आम्ही दर रविवारीं त्यांच्या नांवांपुढें 'गैरहजर' असें सुवाच्य अक्षरांत लिहीत होतों. पांच महिने लिहिलें. वही अगदीं बिनचूक होती. मृगापूर्वीं तें कुटुंब परत आलें, तेव्हां आईच्या कडेवर मूल नव्हतें. भट्टीवर ताप आला, मुकादमानें सुट्टी दिली नाहीं, व तिसऱ्या दिवशीं तें गेलें. बापानें ओढ्याकांठीं खड्डा खणला. प्रार्थना करावयास कोणी नव्हतें. आम्ही सांत्वन करावयास गेलों. त्या बाईनें आम्हांस दोष दिला नाहीं, तिनें फक्त एवढें विचारलें, "मास्तर, आमी कुठं होतो ते तुमाला ठावं नव्हतं का?"

ठाऊक नव्हतें. विचारलें असतें तर ठाऊक झालें असतें. ती भट्टी एस. टी. नें अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होती. आम्हीं मेंढरूं मोजलें होतें, पण तें नाहीं हें आम्हांस दिसलें नव्हतें. तो धनगर आम्हांहून चांगला पाळक होता. आणि त्याच्या पद्धतींतील एक साधी गोष्ट तेव्हां आमच्या ध्यानांत आली. चारा संपला म्हणून मेंढरें घाट उतरतात, तेव्हां धनगर घाटावर बसून हजेरी घेत नाहीं. तो बिऱ्हाड घोड्यावर घालतो व त्यांच्याबरोबर उतरतो.

म्हणून आम्ही आपल्या सर्व उपदेशकांस व मंडळीच्या वडिलांस हात जोडून विनंती करतों. दिवाळीपूर्वीं प्रत्येक घरीं जा व विचारा: कोठें जाणार, कोणाच्या हाताखालीं, उचल किती घेतली, परत केव्हां येणार? तें वहींत लिहा. 'गैरहजर' हा शब्द काढून टाका व त्या जागीं गांवाचें नांव लिहा. ज्या दिवशीं तें कुटुंब निघेल त्या दिवशीं दारांत उभे राहून त्यांच्याबरोबर प्रार्थना करा. जेथें तें जाईल तेथें जवळ कोणती मंडळी आहे याचा शोध करून तेथील पाळकाला चिठ्ठी पाठवा किंवा फोन करा. महिन्यांतून एकदां तरी वडिलांपैकीं दोघांनीं भट्टीवर जावें. तेथें घंटा नको, पेटी नको. विटांच्या ढिगाशेजारीं बसून एक अध्याय वाचला तरी तें देवाचें मंदिर आहे. कोणी आजारी असेल तर त्याला सरकारी दवाखान्यांत नेऊन पोंचवावें, व मुकादमाशीं बोलावयाचें असेल तर दोन माणसांनीं सभ्यपणें पण निर्भयपणें बोलावें. लांडगा पाहून न पळणें म्हणजे पुष्कळदां एवढेंच असतें.

जे तरुण तारापूरच्या कारखान्यांत पाळीवर कामाला जातात त्यांचीही हीच गोष्ट. रविवारीं ज्याची पाळी आहे तो मंदिरांत दिसत नाहीं, व आपण म्हणतों कीं तो थंड पडला. त्याच्या सुट्टीच्या दिवशीं त्याच्या घरीं जाऊन पाहिलें काय? रात्रपाळी करून झोंपलेल्या मुलाला दोष देण्यापूर्वीं तो उठल्यावर त्याच्याबरोबर चहा घ्यावा व त्याचें ऐकून घ्यावें.

कोणी म्हणेल, हें काम शिकलेल्या माणसांचें. आम्ही शेतकरी, मजूर, कोळी, आम्हांला मेंढरें पाळणें काय ठाऊक? त्याला आम्ही योहानकृत शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय दाखवितों. पुनरुत्थित प्रभु समुद्राच्या कांठावर उभा आहे. समोर पेत्र आहे. पेत्र मेंढपाळ नव्हता. आपल्या तारापूर, दांडी, नवापूर येथील बंधूंप्रमाणें तो जाळें टाकणारा होता. अशा माणसाच्या स्वाधीन प्रभूनें आपलीं कोंकरें केलीं. त्यानें त्याला मेंढरांविषयीं एकही प्रश्न विचारला नाहीं. त्यानें तीन वेळां एकच विचारलें, कीं तुझी माझ्यावर प्रीति आहे काय? आणि ज्यानें तीन वेळां प्रभूला नाकारलें होतें त्यालाच हें विचारलें. म्हणून ज्याच्या हातून चूक झाली आहे त्यानेंही निराश होऊं नये. त्या आईपुढें मान खालीं घालून उभे राहिलेले आम्ही या अध्यायाच्या आधारानेंच पुन्हां या कामाला लागलों. पुढें म्हातारपणीं पेत्रानें आपल्या पत्रांत मंडळीच्या वडिलांस लिहिलें कीं कळप पाळा, पण पैशाच्या लोभानें नव्हे व धनीपण गाजवून नव्हे. कळप देवाचा आहे. आपण त्याचे राखणदार आहों.

आणि शेवटीं त्या वाडीवरील बंधूला उत्तर. बंधो, मेंढरूं हें नांव मान कीं अपमान, असें तूं विचारलेंस. लोकांच्या तोंडीं तो अपमानच आहे. परंतु बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानें येशूला येतांना पाहिलें, तेव्हां त्यानें त्याला कोणतें नांव दिलें? देवाचा कोंकरा. आणि प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायांत सिंहासनाजवळील कोंकराच आपल्या लोकांचा मेंढपाळ होतो. जो मेंढपाळ होता तो प्रथम मेंढरूं झाला. तोही कापला जाण्यास नेलेल्या कोंकराप्रमाणें नेला गेला, तोही मोजणाऱ्यांच्या हिशेबांत एक क्षुद्र जीव ठरला. ज्या नांवानें जग आपल्याला हिणवितें तें नांव त्यानें स्वतःवर घेतलें, आणि तेव्हांपासून त्या नांवांत लाज उरली नाहीं. ओढ्याकांठच्या त्या लहान खड्ड्यापाशीं कोणी पाळक नव्हता, हें खरें. परंतु कोणीच नव्हतें असें आम्ही मानीत नाहीं. जो कोंकरें उराशीं धरतो असें यशया संदेष्टा सांगतो, त्याला तें मूल दिसत होतें. यामुळें आमची चूक लहान होत नाहीं. पण त्या आईला आशा आहे, व आम्हांला काम आहे.

या आठवड्यांत प्रत्येक मंडळीनें प्रार्थनेला बसतांना क्षणभर डोळे उघडून सभोंवार पाहावें. कोणाची जागा रिकामी आहे? त्याचें नांव मोठ्यानें उच्चारावें, आणि सभा सुटल्यावर कोणी तरी दोघांनीं त्याच्या वाटेला लागावें.

हे प्रभु येशू, उत्तम मेंढपाळा, तूं आम्हांस शोधीत आलास म्हणून आम्ही आज तुझ्या कळपांत आहों. जे आज दूर भट्ट्यांवर, होड्यांवर व कारखान्यांत आहेत त्यांस राख. ज्या आयांचीं मुलें परक्या मातींत निजलीं आहेत त्यांचे अश्रू पूस. आम्हांस तुझे डोळे दे, म्हणजे जें नाहीं तें आम्हांस दिसेल. आणि तुझे पाय दे, म्हणजे आम्ही त्याच्याकडे जाऊं. आमेन.